कोंबडीची दुसरी पाटी

संग्रहालयातल्या त्या जीवाश्माला सगळे कोंबडी म्हणत. नोंदवहीत तो "लहान मांसाहारी डायनासोर, जवळजवळ पूर्ण" असा होता, पण नोंदवही वाचतो कोण? चहाच्या मोठ्या ट्रेएवढी करड्या दगडाची पाटी, तिच्यात मान मागे टाकून आणि शेपूट लांब पसरून पडलेला सापळा, आकार बरोबर कोंबडीएवढा. झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव बसलं होतं. फक्त एका माणसासमोर ते उच्चारायची सोय नव्हती. तो माणूस म्हणजे सुईताईचे बाबा.

सुईताई ही संग्रहालयातली जीवाश्म साफ करणारी. दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, दाभणाहून बारीक पोलादी सुई घ्यायची आणि हाडाला धक्का न लावता त्याच्याभोवतीचा दगड कणाकणाने काढायचा, हे तिचं काम. दिवसभरात नखाएवढी जागा मोकळी झाली तर ती शीळ घालत घरी जायची. ह्या कामात एकतर माणसाची घाई सुटते नाहीतर नोकरी सुटते, असं ती नव्या लोकांना सांगायची. तिची घाई सुटून वीस वर्षं झाली होती.

तिच्याआधीपासून त्याच खोलीत बाबा होते. पण बाबा सुईचे नव्हेत, प्लास्टरचे. खऱ्या हाडांचे साचे घ्यायचे आणि त्यांतून हुबेहूब नकला ओतायच्या, ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरुणपणी दोन वर्षं त्यांनी सुई चालवली होती. कोंबडी त्यांनीच साफ केली आणि तिच्यानंतर सुई जी खाली ठेवली ती कायमची. का ठेवली असं विचारलं की म्हणायचे, "कंटाळा आला." प्लास्टर ढवळायचा ज्याला तीस वर्षं कंटाळा आला नाही, त्या माणसाला सुईचा दोन वर्षांत कसा आला, हे सुईताईला कधी समजलं नव्हतं. पण बापाला कितीदा विचारणार?

आणि कोणी कोंबडी म्हणालं की बाबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "कोंबडी काय कोंबडी? तोंडात दात दिसत नाहीत? शेपटीत हाडं दिसत नाहीत? डायनासोर आहे तो!" सात वर्षांची असताना सुईताईने दालनात सगळ्यांदेखत "बाबा, ही बघा कोंबडी" म्हटलं, तर ते घरी पोचेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. एरवी हा माणूस मुंगीलासुद्धा वाट सोडून चालणारा.

तर यंदा संग्रहालयाची दालनं नव्याने लावायचं ठरलं. प्रत्येक वस्तूला नवी जागा आणि नवा नामफलक. आणि कोंबडीवरून जुंपली.

एका बाजूला पक्षी विभागाच्या प्रमुख. त्यांना सगळे चिमणीबाई म्हणत, बहुधा त्या दारातून वाकून आत येत म्हणून. दुसऱ्या बाजूला डायनासोर विभागाचे प्रमुख, म्हणजे सरडेसर. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच वर्षी नोकरीला लागलेले आणि पस्तीस वर्षं एकमेकांशी भांडण्यात सुखी झालेले. भांडायची जागाही ठरलेली होती. सुईताईच्या खोलीत किटली होती, त्यामुळे संग्रहालयातलं सगळं विज्ञान अकरा वाजता तिथेच व्हायचं.

त्या सोमवारी सुईताई एका फुटक्या माशाची पाटी जोडत होती. भेगेत डिंक भरला, वर कागद ठेवला आणि वजनाचा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला. वजनाचा दगड म्हणजे ट्रेएवढी एक जाड पाटी. तिच्या खालच्या बाजूला हिरवं लोकरी कापड चिकटवलेलं होतं, नाजूक वस्तूला ओरखडा पडू नये म्हणून. तो बाबांच्या वेळचा. निवृत्त होताना बाबांनी तिला सुया दिल्या, ब्रश दिले आणि एकच ताकीद दिली होती: त्या दगडाचं कापड बदलू नको. कापड एव्हाना शेवाळासारखं दिसत होतं, पण तिने बदललं नव्हतं.

"तूच सांग गं," चिमणीबाई कप पुढे करत म्हणाल्या, "कोंबडीच्या गळ्याखाली ते चिमट्यासारखं हाड आहे की नाही?"

"आहे."

"हात पायांहून लांब आहेत की नाही?"

"आहेत, थोडेसे."

"संपलं. पक्षी आहे तो. माझ्या दालनात यायचा."

सरडेसरांनी बिस्कीट चहात बुडवलं, घाई न करता तोंडात टाकलं आणि मग बोलले. "चिमट्याचं हाड माझ्या निम्म्या जनावरांना आहे, बाई. लांब हात तर कितीकांना आहेत. ह्याच्या तोंडात दात आहेत, बोटांना नख्या आहेत, शेपटीत बावीस मणके आहेत. तुमच्या दालनात बावीस मणक्यांची शेपूट असलेला एक तरी पक्षी दाखवा."

"आत्ताचे नसतील. सुरुवातीचे असेच होते. पक्षी काय एका दिवसात आकाशातून पडले?"

"मग पिसं कुठे आहेत? त्या काळच्या दगडात पिसांचे ठसे राहतात. ह्याच्या हातांभोवती दगड बघा, आरशासारखा स्वच्छ. एक पीस दाखवा. एकच! मी स्वतः ती पाटी खांद्यावर घेऊन तुमच्या दालनात आणून ठेवतो."

"खांदा सांभाळा. शब्द दिलाय."

"दिला."

सुईताईला हसू आवरेना. तिला खरं तर दोघांचंही पटत होतं आणि हेच तिचं दुखणं होतं. ज्याला आधी सरपटणारा म्हटलं आणि पुढे ज्याच्या खापरखापरपणतवंडांना पक्षी म्हटलं, त्यांच्यामध्ये रेघ नक्की कुठल्या पोरावर मारायची? आई डायनासोर आणि अंड्यातून निघालं ते पिल्लू पक्षी, असं तर कधी झालं नसणार.

पण नामफलक शुक्रवारी छपाईला जायचे होते आणि संचालकांना एक शब्द हवा होता. शेवटी सरडेसरच म्हणाले, "असं करू. ज्याने तो साफ केला, त्यालाच विचारू. साफ करताना हाडांभोवती काही डाग, काही रेघा दिसल्या होत्या का, हे त्या एकाच माणसाला माहीत. सुईताई, बाबांना घेऊन ये."

चिमणीबाईंनी मान हलवली. दोघांचं एकमत झालेलं सुईताईने पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा शेजाऱ्यांच्या फुटलेल्या फुलदाणीचा कान जोडत बसले होते. निवृत्त झाल्यापासून गल्लीतलं एकही भांडं फुटकं राहिलं नव्हतं. तिने निरोप सांगितला. बाबांच्या हातातला कान टेबलावर पडला आणि त्याचे दोनाचे तीन तुकडे झाले.

"मला काही आठवत नाही," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या प्लास्टरच्या पोत्यावरचं चित्र आठवतं."

"ते आठवतं. हे नाही आठवत. डायनासोर आहे, एवढं सांग त्यांना. मी काही येत नाही." आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. रात्री जेवायलाही आले नाहीत.

आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. "कोंबडीचं नाव काढलंस वाटतं?" तिने विचारलं. "काढू नये गं. लग्न झालं त्या वर्षी ते झोपेत बडबडायचे, 'हलला, हलला' म्हणून. काय हलला ते मला आजवर सांगितलेलं नाही. मी विचारलं की म्हणतात, 'भूकंपाचं स्वप्न पडलं.' आता एवढे भूकंप कुठून आणायचे?"

सुईताई हसली, पण एक गोष्ट तिला कळली. बाबा कशाला तरी घाबरले होते. बाबांना घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा दारात कोट घालून उभे. "बसथांब्यापर्यंत येतो," म्हणाले. बसथांबा आला, बस आली, बस गेली. बाबा पुढे चालतच राहिले, तीही त्यांच्यासोबत. तिसऱ्या चौकात, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ते थांबले.

"रेघा होत्या," ते म्हणाले.

सुईताईने तोंडावर आलेला प्रश्न मागे घेतला. दगडाचा कण सुटायला लागला की सुई थांबवायची असते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"हातांच्या हाडांना लागून. बारीक, एकीशेजारी एक. तुला ठाऊक आहे ना, सुई घसरली की दगडावर कशी रेघ उठते? तशा. मला वाटलं, माझीच सुई घसरली. एकदा नाही, शंभरदा. म्हणजे माझा हात हलतोय. अठ्ठावीस वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालेलं, नोकरी कच्ची. म्हटलं, साहेबांनी हे पाहिलं तर आजच घरी पाठवतील." त्यांनी कपाळ पुसलं. "मग मी त्या घासून काढल्या. बारीक कागद घेतला आणि दगड गुळगुळीत केला. साहेब आले, त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, अशी सफाई पाहिली नव्हती."

"आणि तुम्ही सुई सोडलीत."

"दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं, मला प्लास्टरचं काम द्या. ज्याचा हात हलतो त्याने हाडांजवळ जाऊ नये." ते पायरीवर बसले. "पुढे चारेक वर्षांनी वर्तमानपत्रात एका परदेशी जीवाश्माचा फोटो आला. दात, लांब शेपूट आणि पिसंही. कोणी त्याला डायनासोर म्हणत होतं, कोणी पक्षी. मी फोटो निरखून पाहिला. तशाच रेघा होत्या, पोरी. जशाच्या तशा."

आता कुठे सुईताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस इतकी वर्षं डायनासोर डायनासोर म्हणून सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा तो शास्त्राच्या प्रेमापोटी नव्हे. तो पक्षी निघाला असता तर त्याची पिसं ह्यांनी काढली असती, एवढंच त्यामागे होतं. तिला बापाची इतकी दया आली की ती त्याच पायरीवर त्यांना खेटून बसली. आणि मग, काय करणार, तिच्यातली सुईवाली जागी झाली.

"बाबा, दगड फोडतात तेव्हा तो मधोमध उघडतो. क्रीमच्या बिस्किटासारखा. एका बाजूला हाडं राहतात, दुसऱ्या बाजूला त्यांचे ठसे. दुसरी बाजू कुठे गेली?"

बाबा समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत राहिले.

"फेकली?"

"तेव्हा कोणी ठेवत नसत. रिकामी पाटी म्हणायचे तिला. पण चांगला सपाट दगड होता, वजनदार. मी कापड लावून वापरायला घेतला."

सुईताई उभी राहिली. "बाबा!"

"तुझ्या टेबलावर आहे," ते म्हणाले.

वीस वर्षं! वीस वर्षं तिने ती पाटी रोज उचलून मासे, बेडूक, झाडांची पानं, जे दिसेल त्यावर ठेवली होती. एकदा खिडकीचं दार वाऱ्याने आपटत होतं तेव्हा दाराला लावली होती. तिला रडावं की हसावं ते कळेना आणि तिने दोन्ही केलं. कामावर जाणारे दोघंतिघं तिच्याकडे बघत गेले.

"एकदाही उघडून पाहिलं नाहीत?"

"कशाला पाहू? कोरी निघाली तर मी हात हलणारा माणूस. रेघा निघाल्या तर मी पिसं खरवडणारा माणूस. दोन्हीकडून मीच. म्हटलं, झाकलंय ते बरं आहे."

"मी उघडू?"

सुईताईच्या मनात आलं, कापड तिच्या टेबलावर आहे, चावी तिच्या पर्समध्ये आहे, विचारायचं तरी कशाला? पण ताकीद त्यांची होती आणि ती त्यांनीच मागे घ्यायला हवी होती. ती त्यांच्यासमोर उभी राहून वाट बघत राहिली. दोन बस गेल्या.

"मी असताना उघड," बाबा शेवटी म्हणाले. "पण त्या दोघांना बोलवायचं नाही."

निवृत्त झाल्यावर सतरा वर्षांनी बाबा त्या खोलीत आले. स्टुलावर बसले, किटलीकडे बघितलं, "ही अजून चालते?" म्हणाले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

सुईताईने माशावरचा दगड उचलला, उलटा केला आणि कापड वर आलं. कडांना जुना सरस होता. मध्ये सरस लावायचा नाही, फक्त कडांना, म्हणजे कापड बदलता येतं, हा बाबांचाच नियम. तो त्यांनी पाळला असेल तर मधला दगड अजून मोकळा असणार. तिने किटलीच्या गरम पाण्यात फडकं पिळलं आणि कडेवर दाबून धरलं. थांबली. पुन्हा दाबलं. सरसाचा उग्र वास सुटला आणि एक कोपरा सैल झाला. तिने सुरीचं पातं आत घातलं. एक कड निघाली, दुसरी, तिसरी. मग तिने श्वास रोखून, जखमेवरची पट्टी काढावी तसं, कापड अलगद उचललं.

खाली फिकट, स्वच्छ दगड होता. मानेचा खळगा, पायांचे खळगे, शेपटीच्या मणक्यांची माळ. हातांच्या बाजूला काही नाही. सपाट.

"कोरी आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखाही वाटला आणि खचल्यासारखाही. "बघ, सांगत होतो. माझाच हात."

"थांबा हो जरा." सुईताईने वरचा दिवा बंद केला. टेबलावरचा छोटा दिवा घेतला आणि तो दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. सपाट वाटणाऱ्या दगडात काय लपलंय ते आडव्या उजेडातच दिसतं.

आणि हातांच्या खळग्यांपासून पिसं उमटली. एक नाही, दोन नाही. डाव्या हातापासून पंख्यासारखी उलगडलेली, उजव्या हातापासून एकमेकांवर रेललेली, शेपटीच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने लावलेली. प्रत्येक पिसाला मधली काडी, तिच्या एका बाजूला अरुंद पातं आणि दुसऱ्या बाजूला रुंद. सुईताईच्या तोंडून आवाज निघाला तो शीळही नव्हती आणि किंकाळीही नव्हती. वीस वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले ते तिच्याच माशांवर पालथं पडलेलं होतं.

तिने पाटी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, भिंग जुळवलं आणि बाबांना पुढे केलं. बाबा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. सुईताईला वाटलं, आता हे कोसळणार. आता म्हणणार, मी काय करून बसलो. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली.

"हे माझे नाहीत," बाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

"काय?"

"ओरखडे. हे माझे नाहीत. ह्या पाटीला मी सुई लावलेलीच नाही. ही तर रिकामी म्हणून बाजूला टाकली होती. आणि तरी इथेही आहेत. त्याच जागी, तितक्याच." त्यांनी डोकं वर केलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर असं हसू होतं की सुईताईला क्षणभर लग्नाच्या फोटोतला अठ्ठावीस वर्षांचा माणूस दिसला. "पोरी, माझा हात हललाच नव्हता."

सुईताईने त्यांना मिठी मारली. त्या घराण्यात मिठ्या मारायची फारशी रीत नव्हती, त्यामुळे दोघांनाही ती नीट जमली नाही आणि दिवा खाली पडता पडता वाचला.

तेवढ्यात अकरा वाजले. अकराला कोणी बोलवावं लागत नाही.

चिमणीबाई वाकून आत आल्या, मागोमाग बिस्किटांचा पुडा घेऊन सरडेसर. "बाबा आले का? वा! बाबा, तेवढं सांगा..." म्हणत त्या टेबलाशी पोचल्या आणि गप्प झाल्या. चिमणीबाई गप्प झाल्याचा प्रसंग संग्रहालयाच्या इतिहासात नोंदवण्यासारखा होता. सरडेसरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वाकले आणि "अगं आई गं" एवढंच म्हणाले.

बाबा उठून उभे राहिले. सुईताईने त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं. "ही कोंबडीची दुसरी पाटी," ते म्हणाले. कोंबडी हा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "पहिल्या पाटीवरही पिसं होती. ती मी घासली. मला वाटलं, ओरखडे आहेत. लपवायला घासली. जे काय म्हणायचं असेल ते म्हणा."

मग चिमणीबाईंनी ते शेवाळी कापड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी लावलं होतं?"

"मीच."

"मध्ये सरस न लावता?"

"मध्ये कधी लावायचा नसतो."

"मग झालं तर," चिमणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सरडेसरांच्या हातातला पुडा काढून घेऊन पहिलं बिस्कीट बाबांना दिलं. बाबा खाली बसले आणि त्यांनी ते खाल्लं. कालपासून पोटात काही नव्हतं.

एवढं झाल्यावर चिमणीबाई सरडेसरांकडे वळल्या. "चला. खांदा."

"एक मिनिट," सरडेसर म्हणाले. "पिसं आहेत म्हणून पक्षी होत नाही. पिसं असलेले डायनासोर ढिगाने सापडलेत. पळणारे, अंडी उबवणारे, उडण्याशी काही देणंघेणं नसलेले."

"काल तर म्हणालात, पिसं नाहीत म्हणून पक्षी नाही!"

"काल पिसं नव्हती."

"आणि पाती बघा, एका बाजूला अरुंद, एका बाजूला रुंद. असली पिसं कशासाठी असतात? हवा कापायला!"

"कापत असेल हवा. शेपटीचे मणके त्याने बावीसच्या बावीस ठेवलेत. आणि खरं सांगू का, बाई? पक्षी हीच डायनासोरांच्या घरातली एक शाखा आहे, हे तुम्हीही वर्गात शिकवता. तेव्हा त्याला तुमच्याकडे न्यायची गरज नाही. तुमचं दालनच माझ्या दालनात हलवा, बदकांसकट!"

"शब्द दिला होतात," सुईताई म्हणाली. तिला राहवेना.

शब्द म्हणजे शब्द. सगळी वरात डायनासोर दालनात गेली. काच उघडली, पाटी पंच्यात गुंडाळली आणि सरडेसरांनी ती खांद्यावर घेतली. दालन मागे पडलं, लांबलचक मार्गिका सुरू झाली. पुढे चिमणीबाई दार धरायला, मागे बाबा हात पसरून, पडली तर झेलायला. मार्गिकेच्या बरोबर मध्यावर सरडेसरांचा दम संपला. तिथे खिडकीखाली प्रेक्षकांना बसायचं एक बाक होतं. त्यावर त्यांनी पाटी टेकवली, स्वतः शेजारी बसले आणि म्हणाले, "आता इथून पुढे एक पाऊलही नाही."

"अर्धी वाट राहिलीय!"

"अर्धी झालीय," सरडेसर म्हणाले.

चिमणीबाई भांडायला वळल्या आणि थांबल्या. डावीकडे दालनाच्या दारातून दात विचकणारे सापळे दिसत होते, उजवीकडून पंख पसरलेला गरुड. मध्ये कोंबडी. खिडकीतून आडवा उजेड येत होता. "दुसरी पाटीही इथेच लावावी लागेल," त्या म्हणाल्या. "ह्याच उजेडात."

"आणि फलकावर?"

"दोन्ही लिहू. तुमचं म्हणणं खाली."

"वर."

ते भांडण शुक्रवारपर्यंत चाललं आणि फलक शेजारीशेजारी छापून मिटलं. पण सुईताई आणि बाबा ते ऐकायला थांबले नव्हते. ते खोलीत परत आले होते, कारण सुईताईला आडव्या उजेडात अजून एक गोष्ट दिसली होती. दुसऱ्या पाटीवर शेपटीच्या टोकाला दगडाचा पातळ पापुद्रा अजून चिकटलेला होता. त्याच्याखाली शेवटची पिसं असणार. ते कोणीतरी साफ करायला हवं होतं.

तिने ड्रॉवर उघडला. आतल्या खणात लाकडी मुठीची एक सुई होती, बाबांनी दिलेल्यांतली, मूठ अंगठ्याने झिजलेली. ती तिने त्यांच्यासमोर धरली.

"वेड लागलंय का?" बाबा म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षं झाली."

"सुरुवात करा. पुढचं मी बघते."

बाबांनी सुई घेतली. मनगट टेबलावर टेकवलं, करंगळी दगडावर ठेवली, डोळा भिंगाला लावला. सगळं बरोबर, कालच उठून गेल्यासारखं. सुईचं टोक पापुद्र्याजवळ गेलं आणि हवेतच थरथरायला लागलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचा हात होता तो. बाबांनी टोक मागे घेतलं, पुन्हा नेलं, ते पुन्हा थरथरलं.

सुईताई मनात म्हणाली, आपण हे काय केलं? ती पटकन पुढे झाली, पण बाबांचे खांदे हलताना दिसले आणि तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत. मनापासून, पोट धरून हसताहेत.

"हा बघ, आता हलतोय," ते म्हणाले आणि त्यांनी हात तिच्यासमोर उजेडात धरला, एखादं बक्षीस दाखवावं तसा. "आता हलतोय! तेव्हा नव्हता."